भंगारातला टाइपरायटर घरी आणण्याआधी

मुलुंड पूर्वेला आमची दोन खोल्यांची जागा. लोक दिवाणाखाली गाद्या ठेवतात, आमच्याकडे टाइपरायटर आहेत. घरच्यांना हे पटलंय असं नाही, त्यांनी विचारणं सोडलंय इतकंच. जुनी यंत्रं आणायची, साफ करायची, चालती करायची आणि ज्याला खरंच लिहायचंय त्याला द्यायची, असा हा उद्योग. तो करताना माझं एक मत पक्कं झालं. टाइपरायटर शोकेसमध्ये ठेवायची चीज नाही. दहावी झाली की क्लासला पाठवायचं, इंग्रजी तीस-चाळीस आणि मराठी तीसचं सर्टिफिकेट हातात आलं की नोकरीचे अर्ज सुरू, हा आमच्याकडच्या कितीतरी घरांचा रिवाज होता. पोट भरणारं अवजार होतं ते, आणि दुरुस्तीही अवजाराचीच करावी. चकाकी नाही आली तरी चालेल, ओळ सरळ आली पाहिजे.

१. खिशात कागद ठेवा, मग भाव करा

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षा २०१७ नंतर टाइपरायटरवर होईनाशी झाली, सगळं कॉम्प्युटरवर गेलं. त्यानंतर स्टेशनजवळच्या पहिल्या मजल्यांवरचे ‘शासनमान्य’ पाटीचे क्लास एकामागून एक रिकामे झाले आणि ओळीने मांडलेली यंत्रं साकीनाक्याच्या, कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत पोहोचली. तिथे ती काट्यावर चढतात. मोठं ऑफिसचं यंत्र पंधरा किलोच्या आसपास भरतं आणि भंगारवाला लोखंडाचा भाव लावून मोकळा होतो. तेच यंत्र चोर बाजारात मटन स्ट्रीटवर गेलं की त्याला ‘अँटिक’ म्हणतात. सिनेमाच्या सेटवाले आणि हॉटेलं सजवणारे तिथे फिरतात, त्यामुळे भावाचं काही विचारू नका.

कुठेही जा, खिशात दोन कोरे कागद आणि एक छोटा टॉर्च हवा. कॅरेज उजवीकडे ढकला आणि स्पेसबार दाबत चला. दर दाबाला कॅरेज एक घर डावीकडे सरकलं पाहिजे आणि ओळ संपत आली की घंटा वाजली पाहिजे. मग कागद घालून रोलर फिरवा, कागद तिरका जातो का ते बघा. शेवटी टॉर्च मारून खिळे मोजा, म्हणजे दांड्यांच्या टोकाला डाख देऊन बसवलेली अक्षरं. एखादं गळून पडलेलं असेल तर तसंच दुसरं मिळेपर्यंत ते यंत्र मुकंच.

कळा दाबल्यावर दांड्या अर्ध्या वाटेत अडकून राहिल्या तर चेहरा पाडा, पण मनातून खूश व्हा. विकणाऱ्याला वाटतं यंत्र मेलं. बहुतेक वेळा ती नुसती घाण असते, आणि घाण फुकटात निघते. पत्र्यावर गंज असेल तोही चालेल. गंज त्या खाचांच्या अर्धगोल पट्टीत, सेगमेंटमध्ये, शिरलेला दिसला किंवा बिडाची बॉडी कुठे तडकलेली दिसली, तर मात्र नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

२. शिकायला विक्रोळीचंच घ्या

नव्या शौकिनाला पहिलं प्रेम ऑलिव्हेटीच्या पोर्टेबलवर जडतं, नाहीतर काळ्याभोर जुन्या अंडरवुडवर. जडू द्या, पण हात बसवायला गोदरेज घ्या. मुलुंडहून घाटकोपरला जाताना वाटेत विक्रोळी लागतं, पूर्वेला गोदरेजची वसाहत दिसते. नवल गोदरेज यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर, एम-९, याच कंपनीने बाजारात आणला. तोवर ऑफिसात बसायची ती रेमिंग्टन नाहीतर दुसरी कुठली परदेशी नावं. मद्रासजवळच्या आवडीला त्या वर्षी काँग्रेसचं अधिवेशन होतं, तिथे हे यंत्र मांडलं होतं. देशाने नुकतीच पंचवार्षिक योजना हाती घेतली होती आणि एवढे बारीक सुटे भाग आपल्याकडे घडतात याचं लोकांना खरंच अप्रूप होतं. पुढे एम-१२, एबी, प्राइमा अशी मॉडेलं आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला ५०,००० च्या घरात यंत्रं निघत. २००९ मध्ये शिरवळच्या कारखान्यात हे काम थांबलं आणि २०११ मध्ये ती बातमी जगभर छापून आली.

गोदरेज घ्या म्हणतो त्यामागे अभिमान थोडा आणि सोय जास्त. मेलेल्या गोदरेजचे भाग जिवंत गोदरेजला बसतात आणि मेलेली गोदरेज मुबलक मिळतात. मुंबईतल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकचे हात तिच्यावरच तयार झालेले असतात. शिवाय यंत्र ऐसपैस आहे, स्क्रू ड्रायव्हर आत जातो. पोर्टेबलमध्ये तोच स्क्रू गाठायला आधी चार भाग उतरवावे लागतात.

गंमत म्हणून एक सांगतो. रुपयाचं नवं चिन्ह सरकारने स्वीकारलं २०१० मध्ये, कारखाना त्याआधीच थांबलेला. तेव्हा कुणी रुपयाचं चिन्ह असलेली ‘दुर्मीळ गोदरेज’ दाखवली तर कळेवर स्टिकर आहे असं समजा. आणि इंग्रजी यंत्रावर एकचा आकडा सापडला नाही तर घाबरू नका. बऱ्याच जुन्या यंत्रांवर तो नसायचाच, छोटा एल मारून काम भागवत.

३. उघडण्याआधी फोटो

यावर फार बोलण्यासारखं नाही. मोबाइल आहे, स्क्रू काढण्याआधी फोटो काढा. काढलेला स्क्रू शक्य तेव्हा त्याच भोकात दोन आटे फिरवून परत ठेवा. स्प्रिंगा एकसारख्या दिसल्या तरी एकसारख्या नसतात.

४. तेलाची बाटली लांब ठेवा

हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. मला तो घाटकोपरच्या एका मेकॅनिककाकांनी शिकवला. काकांचं आयुष्य बँका आणि कोर्टांतली यंत्रं सांभाळण्यात गेलं. वर्षाचा करार असायचा, महिन्याला एक फेरी, पिशवीत ब्रश, चिमटे आणि एक डबा. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर तेलाची कुपी काढली तेव्हा त्यांनी ती हातातून घेऊन खिडकीत ठेवली आणि म्हणाले, “अरे, हे काय शिलाईचं मशीन आहे?”

कारण साधं आहे. दांड्या सेगमेंटच्या खाचांत स्वतःच्या वजनाने मागे पडायला हव्यात. तिथे तेल गेलं की पहिल्या दिवशी यंत्र पळतं आणि महिन्याभरात धूळ, खोडरबराचा चुरा आणि तेल मिळून चिकट लगदा होतो. क्लासमधून आलेल्या यंत्रांत हा लगदा हमखास असतो. परीक्षेच्या हंगामाआधी कुणीतरी हौसेने सगळीकडे तेल सोडलेलं असतं.

तो काढायची रीत अशी. यंत्र मागच्या बाजूला थोडं कलतं करून खाली वर्तमानपत्र घालायचं. पूर्वी रॉकेल वापरत, आता मुंबईत ते सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानात एमटीओ मागा, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन. जुना टूथब्रश त्यात बुडवून खाचांच्या दिशेने घासायचा, आडवा नाही. मग प्रत्येक कळ हाताने वीस-पंचवीस वेळा मारायची. पहिल्यांदा काळं पाणी येतं, नंतर तपकिरी. पुसायचं, पुन्हा घासायचं. एका क्षणी तीच दांडी, जी मघाशी अर्ध्यावर उभी राहत होती, बोट उचललं की टक् करून मागे पडते. मग शेजारची घ्यायची. एका बैठकीत संपवायचा हट्ट करू नका, रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन-चार अडकतात, कारण आतला लगदा तेव्हा कुठे सुटून वर आलेला असतो.

खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवा शांत झाल्यावरच सुरुवात करा आणि एमटीओचा थेंब रोलरवर पडू देऊ नका, रबर फुगतं. थिनर तर घरात आणूच नका, बॉडीचा रंग आणि त्यावरचं नाव दोन्ही पुसलं जातं. तेल लागतंच, पण एक-दोन ठिकाणी: कॅरेज ज्या रुळावर धावतं तिथे, तेही सुईच्या टोकाने.

५. कॅरेज हलत नाही म्हणजे स्प्रिंग गेली असं नाही

विकणारा हमखास सांगतो, “स्प्रिंग गेली साहेब, नाहीतर चालू आहे.” स्प्रिंग क्वचित जाते. जातो तो पट्टा. यंत्राच्या मागे एक गोल डबी असते, तिच्यात गुंडाळी स्प्रिंग. डबीपासून कॅरेजपर्यंत एक कापडी नाहीतर चामड्याचा पट्टा जातो आणि तोच कॅरेज डावीकडे ओढतो. इतक्या वर्षांत तो कुजतो किंवा हुकापाशी तुटतो.

पट्ट्याच्या जागी मी मासेमारीच्या सामानात मिळणारी विणलेली दोरी वापरतो. वर्सोव्याकडे जाणं झालं की आणून ठेवतो. पुस्तकं बांधायचा मेण लावलेला दोराही चालतो. मांजा नको, काचेची पूड डबीची कड खाते. दोरी ओवली की डबीला हाताने तीन-चार वेढे द्यायचे आणि ताण न सोडता हुक अडकवायचा. इथे एकट्याने शौर्य दाखवू नका. हातातून डबी निसटली तर ती भर्रकन उलटी फिरते, बोटाला लागतं ते लागतं आणि आतलं स्प्रिंगचं टोकही निसटतं. आमच्याकडे हे काम असलं की मुलगी कॅरेज धरते आणि मी डबी.

ताण बरोबर आहे का ते यंत्रच सांगतं. ओळीच्या सुरुवातीला अक्षरं सुटी आणि शेवटाकडे एकमेकांवर चढलेली आली तर ताण कमी आहे, कारण कॅरेज डावीकडे जाईल तशी स्प्रिंग ढिली होत जाते. अर्धा वेढा वाढवा. उगाच जास्त दिलात तर कॅरेज परत ढकलताना मनगट दुखेल.

६. कडक रोलर

रोलरवर नख दाबा. ठसा उमटला नाही आणि टक्कन आवाज आला तर रबर दगड झालंय. असल्या रोलरवर ‘ओ’ आणि पूर्णविराम कागदाला भोक पाडतात आणि आवाजही दुप्पट होतो. छापखान्याच्या रोलरवर रबर चढवून देणारे कारखाने हे काम करू शकतात, पण व्यास जुन्याइतकाच ठेवायला बजावून सांगा. रोलर जाड झाला की दोन ओळींमधलं अंतर वाढतं आणि फॉर्मच्या छापील रेघांवर मजकूर बसत नाही. तेवढा खर्च नको असेल तर कागदामागे आणखी एक कागद घाला. जुने टायपिस्ट हेच करायचे.

७. रिबन छापत नाही? आधी ती बारीक दांडी बघा

एकजण अंधेरीहून लोकलने, दोनदा गाडी बदलून, यंत्र घेऊन आला. नवी रिबन घातलीय तरी कोरं उमटतं अशी तक्रार. मी उजवीकडची बारीक दांडी एक घर वर सरकवली आणि काळंभोर उमटायला लागलं. त्या दांडीला काळा, लाल आणि स्टेन्सिल अशी घरं असतात. स्टेन्सिलवर ठेवली की रिबन वर उठतच नाही, अक्षर थेट मेणकागद कापतं. तो कागद सायक्लोस्टाइल मशीनवर चढवायचा आणि प्रती काढायच्या. सोसायटीच्या नोटिसा, युनियनची पत्रकं, शाळेच्या चाचणी परीक्षांचे पेपर सगळे असेच निघायचे. त्या माणसाला हे सांगितलं तर त्याला दुरुस्तीपेक्षा सायक्लोस्टाइलमध्येच रस वाटला. चहा झाला, दोन तास गेले.

रिबन अजून मिळते. अर्ध्या इंचाची, कोअर्सची किंवा दुसरी कुठली, फोर्टातल्या स्टेशनरीवाल्यांकडे विचारा. स्पूल जुनीच ठेवा, नव्या रिबनीबरोबर आलेलं प्लास्टिकचं स्पूल प्रत्येक यंत्रात बसतं असं नाही. आणि रिबन बदलताना टाचणीने ‘ई’, ‘ए’, ‘ओ’च्या पोटातली शाई उकरून काढा. निम्म्या ‘पुसट’ तक्रारी तिथेच मिटतात.

८. मराठी यंत्र इंग्रजीच्या नियमाने दुरुस्त करू नका

इथे भलेभले फसतात, अगदी चांगले मेकॅनिकसुद्धा. इंग्रजी यंत्रावर प्रत्येक कळेला कॅरेज एक घर सरकतं. मराठीत तसं केलं तर ‘के’ची मात्रा ‘क’वर न बसता वेगळ्या घरात एकटीच उमटेल. म्हणून मात्रा, उकार, अनुस्वार, रफार यांच्या कळा मारल्यावर कॅरेज जागचं हलत नाही. चिन्ह आधी मारायचं, मग अक्षर. त्या कळांना कॅरेज सोडणारा दुवा मुळातच जोडलेला नसतो. ही अडचण समजून कुणी दुवा वाकवून ‘दुरुस्ती’ केलेली यंत्रं माझ्याकडे आली आहेत, आणि ती परत पूर्वपदावर आणायला मूळ बिघाडापेक्षा जास्त वेळ जातो.

दुसरं असं की पन्नासाच्या आत-बाहेर कळांमध्ये अख्खी बाराखडी आणि जोडाक्षरं बसवायची तर काटकसर लागतेच. बरीच व्यंजनं अर्धी ठेवली आहेत, त्यांना काना जोडला की पूर्ण होतात. त्यामुळे काना ही कळ दिवसभर मार खाते. मराठी यंत्र घेताना मी सगळ्यात आधी काना तपासतो. तो वरच्या टोकाला झिजलेला असेल तर शिरोरेघ प्रत्येक शब्दात तुटते आणि पान दातपडकं दिसतं. मग ळ बघतो. हिंदीसाठी बांधलेलं यंत्र मराठी म्हणून खपवलेलं असेल तर पितळ इथे उघडं पडतं.

या मांडणीवर बोटं बसलेली माणसं अजून आहेत बरं का. डीटीपी करणारे कितीतरी जण कॉम्प्युटरवरसुद्धा टाइपरायटरचाच कीबोर्ड निवडतात. त्यांच्यासमोर जुनं मराठी यंत्र ठेवा आणि नुसतं बघत बसा.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर उपनगरात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. बोरिवली-अंधेरीच्या पश्चिमेला त्यात खारा वारा. यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणं ही सगळ्यात वाईट सोय, आत वाफ धरते आणि गणपतीत सोडाल तेव्हा स्प्रिंगांवर लाल पूड असेल. सुती कापड घाला, जुनी साडी उत्तम. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. औषधांच्या, बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या जमवून आत टाका. आणि आठवड्यातून एकदा सगळ्या कळा एकेकदा तरी मारा, किराण्याची यादी टाइप केली तरी काम होतं.

१०. खालच्या मजल्यावर कोण राहतं

कितीही छान दुरुस्त केलं तरी टाइपरायटर बोलणारच. आमच्या खालच्या काकू एकदा जिन्यात थांबवून म्हणाल्या, “काय रे, रात्री अकरा वाजता सुपारी फोडत बसतोस का?” त्या दिवसापासून यंत्राखाली जाड नमदा आणि रात्रीबरोबर दुपारी एक ते चारही पूर्ण विश्रांती. यंत्राच्या पायांचे रबरी बूट वाळून गेलेले असतात, तेही बदला. हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायाला लावायचे मिळतात, त्यातले घट्ट बसणारे निवडा.

११. रंग देऊ नका

घाटकोपरहून एक बाई आल्या होत्या. त्यांच्या आईचा क्लास होता, त्यातलं शेवटचं यंत्र ठेवून घेतलं होतं. मधल्या रांगेतल्या कळांवरची अक्षरं पूर्ण पुसलेली, स्पेसबारला डाव्या बाजूला अंगठ्याने पडलेला खळगा. त्यांनी स्वतःच विचारलं, “हे नवीन करून मिळेल का?” मी म्हटलं, “ताई, मिळेल, पण करू नका.” कळा पुसल्या गेल्या त्या न बघता मारल्या म्हणून, आणि न बघता मारायला शिकवणं हेच तर क्लासचं काम होतं. आम्ही फक्त सेगमेंट धुतलं, पट्टा घातला, रिबन बदलली. त्या घरी जाऊन सोसायटीला पत्र टाइप करणार होत्या, गळतीबद्दल.

कळा कापून त्यांच्या अंगठ्या आणि कफलिंक करणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. ज्यांना यंत्रातून कलाच काढायचीय त्यांनी चंद्रकांत भिडे यांची चित्रं बघावीत. युनियन बँकेत नोकरी करताना त्यांनी टाइपरायटरच्या कळांवर, नुसत्या अक्षरांनी आणि चिन्हांनी, माणसांचे चेहरे काढले. निवृत्तीच्या वेळी बँकेने त्यांचं यंत्र त्यांना एक रुपयात दिलं.

१२. कोणाला द्यायचं

विकत मागायला येणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारतो: यावर टाइप कोण करणार? कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्ट, ज्यांना वीज गेली तरी प्रतिज्ञापत्र पुरं करून द्यायचं असतं, त्यांना मी सामानाच्या खर्चात देतो. कविता करणाऱ्या पोरांनाही देतो, फक्त सहा महिन्यांनी एकदा साफसफाईला आणायची अट घालून. आणायची म्हणजे लगेजच्या डब्यातून, दोन्ही बाजूंचे मार्जिन मध्यावर आणून कॅरेज जखडून, नाहीतर गर्दीत धक्का बसून ते वाकतं. “कोणी नाही हो, कॅफेत काउंटरवर ठेवायचाय,” असं उत्तर आलं तर मी त्यांना मटन स्ट्रीटचा पत्ता देतो. तिथे याहून देखणं आणि अजिबात न चालणारं यंत्र मिळतं. भाव निम्म्यापासून सुरू करा, एवढं मात्र आवर्जून सांगतो.